हनुवटीवरची रेघ

३ नोव्हेंबर, सोमवार

आलो बाई एकदाच्या! दोन बॅगा, एक मिक्सर, आईनं लासूर स्टेशनहून आणलेलं नाचणीचं सत्त्व आणि सकाळपासून चालू असलेला माझ्या तोंडाचा पट्टा, एवढं सगळं एका रिक्षात मावलं हे नवलच. रिक्षावाल्यानं दोनदा आरशातून मागं बघितलं. आई म्हणाली, बोलू द्या दादा, परवापासून महिना-दीड महिना तिचं तोंड बंदच राहणार आहे.

खोली रोशन गेटजवळच्या गल्लीत, वरच्या मजल्यावर. हॉस्पिटल चालत दहा मिनिटांवर. दोन महिन्यांसाठी घेतली आहे. शेंद्रा एमआयडीसीतल्या कंपनीत मी रजा टाकली आणि आईनं झेडपी शाळेतल्या खिचडीच्या कामावर मावशीला उभं केलं. पप्पा मार्केट यार्डात मापाडी, त्यांना सीझन सोडून हलता येत नाही. म्हणजे इथं आम्ही दोघीच. खोलीत भरपूर ऊन येतं, भिंती नुकत्याच रंगवल्यात आणि खिडकीतून हात घातला की पेरूच्या झाडाला लागतो. मला फार आवडली.

घरमालकीण कमरुन्निसा. सगळी गल्ली त्यांना आपा म्हणते, म्हणून मीही. खाली एकट्याच राहतात, कपड्यांवर भरतकाम करतात. ऑपरेशन कसलं ते विचारलं. मी सांगितलं, खालचा जबडा पुढं आलाय, समोरच्या दातांनी भाकरीचा तुकडाही तोडता येत नाही, फोटोत मी कायम कुणावर तरी खवळल्यासारखी दिसते. दीड वर्ष दातांना तारा लावून झाल्या. आता जबडे कापायचे, मागं सरकवायचे आणि पट्ट्या-स्क्रू लावून बसवायचे. कंपनीच्या भाषेत रीवर्क. आपांनी कानाला हात लावले आणि संध्याकाळी नान आणि खलियाची, म्हणजे मटणाच्या रश्श्याची, वाटी पाठवली. पैले खा ले बेटी, फिर काटने दे उनकू, असा निरोप होता. मी दोन नान खाल्ले, मागच्या दातांनी, तास लावून.

५ नोव्हेंबर, बुधवार

अ‍ॅडमिट झाले. डॉ. वाघचौरे मॅडम स्वतः येऊन बसल्या. म्हणाल्या, खालच्या जबड्याच्या आतून एक नस जाते, तिला ऑपरेशनमध्ये ताण बसतो. त्यामुळं खालचा ओठ, हनुवटी आणि खालचे दात काही आठवडे, कधी काही महिने बधिर राहतील. मग नस हळूहळू जागी होते. मुंग्या, ठणके, करंट मारल्यासारखं, गार-गरम उलटसुलट, काहीही वाटेल. घाबरायचं नाही, ते सगळं चांगलं लक्षण असतं.

रोज नोंद ठेवायला सांगितली. हे तर माझं कामच. तीन वर्षं मी क्वालिटीत आहे, दिवसाला चारशे पार्ट मोजते. मॅडमना सांगितलं, रोजनिशीच लिहीन. त्या हसल्या.

१२ नोव्हेंबर, बुधवार

काल घरी सोडलं. आधीचे पाच दिवस लिहिण्यासारखे नाहीत. तोंड सुजून कलिंगड झालंय. वरचे-खालचे दात एकमेकांवर बसवून बाजूंनी छोटी रबरं ताणून लावली आहेत, तोंड उघडतच नाही. रबर ढिलं पडलं की एकेक बदलायचं, पण सगळी निघणार १८ डिसेंबरला. तोवर आई मिक्सरमधून वरण काढते, गाळते आणि पिचकारीनं गालाच्या फटीतून सोडते. बोलायचं पाटीवर. आई म्हणाली, घरात इतकी शांतता तुझ्या जन्माआधी होती.

आजपासून नोंद. पद्धत अशी: मी डोळे मिटायचे, आईनं कापसाची काडी हनुवटीवर टेकवायची, कळलं तर मी उजव्या हाताचं बोट वर करायचं. कळतं आणि कळत नाही यांच्या सीमेवर काजळाच्या पेन्सिलीनं रेघ मारायची. आज रेघ एका कानाखालून निघून दुसऱ्या कानाखाली गेली. सबंध खालचं तोंड बाद. दातांना फ्रीजमधला चमचा लावून बघितला, खालच्या चौदापैकी एकाही दाताला गार लागलं नाही.

मी आईला आमचा कंपनीचा नियम लावला. आमच्याकडं एकाच पार्टचं माप दोघं घेतात, वेगवेगळं, एकमेकांचा कागद न बघता. मापं जुळली तर पार्ट पुढं, नाहीतर त्याला लाल पट्टी. तशा दोन वह्या. आईच्या वहीत बोट उचललं की नाही ते, माझ्या वहीत मला काय जाणवलं ते. महिन्यानं जुळवायच्या, तोवर चोरून बघायचं नाही. आईला वाटलं मी येडी झालेय. पण वही घेतली.

१७ नोव्हेंबर, सोमवार

सूज निम्म्यावर. आरशात पहिल्यांदा नवी हनुवटी दिसली. छान आहे गं मी! पप्पांना फोटो पाठवला, त्यांनी हात जोडलेले पाठवले.

खालच्या ओठावरून वरण ओघळतं ते कळत नाही, आई पदरानं पुसते. आपल्याच तोंडाला बोट लावावं आणि तो दुसऱ्याचा गाल लागावा, तसं वाटतं. बाकी मजेत.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मुंग्या सुरू! डाव्या बाजूला, आतून. रेघ चार मिलिमीटर आत सरकली. मॅडमना फोन केला, म्हणजे आईनं केला. मॅडम म्हणाल्या, नस जागी होतेय, चांगलं लक्षण. आईनं खालून आपांना बोलावून सांगितलं. आपांनी खीर आणली, गाळून.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आज दुपारी गरम सूप घेत होते आणि खालच्या समोरच्या दातांना एकदम गार लागलं. साधं गार नाही. उघड्या दातांवर वारा घ्यावा तसं. पण माझे ओठ मिटलेले होते. पाच मिनिटं टिकलं. मग दातांवर दाब, मग सुटला, मग दाब. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की हे चावणं आहे. माझे खालचे दात काहीतरी चावत होते आणि मी आरशासमोर बसून बघत होते की ते जागचे हललेले नाहीत.

मॅडम म्हणाल्या, मेंदूकडं चुकीचे निरोप जातात, चांगलं लक्षण. असेल. मी वहीत लिहिलं आणि ओला रुमाल मानेवर घेऊन पडून राहिले.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज एक चुकलं. चाचणी चालू होती, डोळे मिटलेले. मला काहीच जाणवलं नाही आणि माझं बोट वर गेलं. आई ओरडली, बेस झालं बाई, मधोमध लावली होती, तिथं कळलं तुला! मी डोळे उघडले. बोट वरच होतं. मी ते खाली घेतलं.

परत करायला लावलं. बारा वेळा. आईनं बारा ठिकाणी काडी टेकवली आणि बारा वेळा बोट वर गेलं. मला एकदाही कळलं नाही. तेराव्या वेळी मी उजवा हात मांडीखाली दाबून बसले. मांडीखाली बोट धडपडत होतं, ते मला मांडीला जाणवत होतं.

पाटीवर आईला लिहिलं, मला काही कळलं नाही, बोट आपोआप गेलं. ती म्हणाली, आपोआपच तर जायला पाहिजे, लई विचार करू नको.

आईची नोंद: बारापैकी बारा. माझी नोंद: शून्य.

१ डिसेंबर, सोमवार

हॉस्पिटल. मॅडमनी स्वतः चाचणी घेतली. पुसट स्पर्श, टाचणीचं टोक, गार, गरम, दिशा. सगळ्याला बोट. टोक असेल तर बोट दोनदा हलवायचं, हे त्यांनी सांगितलेलं मला नीट ऐकूही आलं नव्हतं, तरी ते दोनदाच हललं. त्यांनी विद्यार्थ्यांना आत बोलावून व्हिडिओ काढला. चार आठवड्यांत अशी रिकव्हरी त्यांनी बघितली नव्हती म्हणे.

मी पाटीवर लिहिलं: मला जाणवत नाही. कुणालातरी जाणवतंय. मला नाही.

त्यांनी ते मन लावून वाचलं. म्हणाल्या, सुरुवातीला स्पर्श आपला वाटत नाही, खूप पेशंट असं सांगतात. खांद्यावर थोपटलं. चांगल्या आहेत त्या, खरंच चांगल्या आहेत, म्हणून तर मला रडू आलं. रडताना खालचा ओठ स्थिर होता.

४ डिसेंबर, गुरुवार

सकाळी अकराला, लख्ख उन्हात, आरशासमोर रबरं बदलत होते. डावीकडचं नवं लावलं आणि जबडा खाली ओढला गेला. मी ओढला नाही. रबर ताणलं, पांढरं पडलं आणि तुटलं. मग उजवीकडचं. खालचे दात वरच्यांपासून करंगळीभर खाली आले. आत अंधार दिसला आणि जीभ दिसली. जीभ अजून माझी आहे, मी तिला मागं घेतलं.

दोन्ही हातांनी हनुवटी वर दाबून धरली आणि आई येईपर्यंत तशीच बसले. आता रबरं दुहेरी लावते.

ते बाहेर यायचं बघतंय. की मोकळं व्हायचं, काय शब्द आहे ते मला कळत नाही. मला फक्त एवढं कळलंय की हे तोंड बंद आहे तोवर ठीक आहे. १८ तारखेला ते उघडणार आहेत.

६ डिसेंबर, शनिवार

महापरिनिर्वाण दिन. आईनं बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. तिनं त्रिशरण म्हटलं, मी बंद दातांआडून घशातल्या घशात. तिचं संपलं. माझंही संपलं. तरी सूर चालूच होता. खालून, हनुवटीच्या हाडातून. त्यात शब्द नव्हते, चाल आमची नव्हती. आईनं डोळे पुसले. म्हणाली, किती मनापासून म्हणतीस गं.

मी अंगठा घशावर दाबून धरला तेव्हा थांबलं.

९ डिसेंबर, मंगळवार

आज मी दुसरी मोजणी एकटीनं केली. आई बाजारात गेल्यावर, डाव्या हातात टाचणी घेऊन, डोळे उघडे ठेवून.

आईच्या म्हणण्याप्रमाणं रेघ पुसली गेली आहे, बधिर काही उरलं नाही. माझ्या मापानं रेघ वर गेली आहे. दोन्ही गाल. उजवा कान. मान उजवीकडून, खांदा, कोपर, मनगट. उजव्या तळहातात टाचणी घुसवली, रक्ताचा थेंब आला, मला काही नाही. हाताला मात्र लागलं. त्यानं झटक्यात मूठ मिटली.

बधिर झालेला भाग बरा होत नव्हता. तो दुसऱ्याचा होत होता आणि प्रत्येक चाचणीला आम्ही काडी टेकवून त्याला विचारत होतो, कळतं का, कळतं का. शिकवलं आम्हीच. नोंदही ठेवली.

हे डाव्या हातानं लिहितेय. अक्षर घाण येतंय.

१० डिसेंबर, बुधवार

आईला दोन्ही वह्या दिल्या. ठरल्या तारखेच्या दोन दिवस आधीच. पाटीवर लिहिलं, बघ, मापं जुळत नाहीत. मला लाल पट्टी लावा, पुढं पाठवू नका.

तिनं माझी वही सगळी वाचली, बोट ठेवून, ओळ न ओळ. मग माझं डोकं मांडीवर घेतलं आणि केसांतून हात फिरवत राहिली. मला वाटलं, सुटले.

तिनं मॅडमना फोन लावला. रडत सांगितलं की पोरगी कायबाय लिहितीय, तिच्या जिवाला लई घोर लागलाय. मॅडम म्हणाल्या, तोंड इतके दिवस बंद राहिलं की मन खचतं, नेहमीचं आहे. एक गोळी लिहून दिली. आईच्या वहीचे फोटो मागवले. माझ्या वहीचे नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गोळीनं झोप येते. झोपायचं नाही.

आपांना मराठी वाचता येत नाही, उर्दू येते, म्हणून वही दाखवून उपयोग नाही. तरी वर आल्या, समोर बसल्या आणि माझ्याकडं बघत राहिल्या. मी घाबरून रडत होते. त्या आईला म्हणाल्या, मुक्ताबाई, इसकी आँखाँ रोरीं, मुँह हसरा. आई म्हणाली सूज आहे. आपा म्हणाल्या, सूज नक्को बोलो, मैं बच्ची कू रोज देखतूँ, ये लबाँ, ये होंठाँ इसके नईं.

मी डाव्या हातानं त्यांचा पदर पकडला. उजव्यानं तो सोडवला, एकेक बोट काढून, अगदी हळू.

आईनं त्यांना जिन्यापर्यंत सोडलं. पण दुपारनंतर जिन्याचं दार लावून घ्यायला लागलीय.

१३ डिसेंबर, शनिवार

पाटीवर लिहिलं, १८ ला जायचं नाही. डाव्या हातानं. उजव्यानं पुसलं आणि खाली लिहिलं: बरं वाटतंय.

माझंच अक्षर. माझ्यापेक्षा सुबक.

आईनं पाटीचा फोटो पप्पांना पाठवला.

१५ डिसेंबर, सोमवार

आज ते बोललं.

आईनं विचारलं, तोंड उघडल्यावर पहिलं काय खाशील? मी डावा हात पाटीकडं नेत होते. दात बंद होते. दातांमागून आवाज आला: सगळं.

माझा आवाज. माझाच होता, तेच वाईट. आई रडायला लागली, हसायला लागली, पप्पांना फोन लावून तिनं फोन माझ्या तोंडाशी धरला. पप्पा म्हणाले, मेघा, बोल गं. ते बोललं. पप्पा म्हणाले, आवाज किती गोड झाला पोरीचा —

मी आत ओरडत होते. ओरडायला काही नव्हतं.

१६ डिसेंबर

जीभ गेली. सकाळी होती.

आता दातांना गार लागत नाही मला. काहीच नाही. ते सगळं तिकडं —

उजवा डोळा मिटता येत नाही मला.

१७ डिसेंबर

आपा दार वाजवत होत्या. आई म्हणाली झोपलीय. मी झोपले नव्हते, मी खुर्चीत होते, बघत होते, पाय उठत नव्हते —

डावा हात आहे. डावा डोळा. वही उशीखाली ठेवते ते त्याला ठाऊक नाही. असेल. नसेल. हा हात त्यानं का सोडलाय, मला कळत नाही.

उद्या दहाला.

१८ डिसेंबर

हॉस्पिटल. बाकावर. अजून दोघं आहेत आमच्या आधी.

चालत आले. मी नाही चालले. वाटेत ते भाजीवाल्याशी बोललं, भाव विचारला. आई कौतुकानं बघत होती.

मॅडम बाहेर येऊन गेल्या. म्हणाल्या, आज मोठा दिवस. ते हसलं.

आता एकच.

रबरं काढू नका, काढू नका, कुणीतरी हे वाचा, आईनं पर्समध्ये चष्मा ठेवलाय, आई चष्मा लाव —

वही तिच्यापुढं केली तर तिला वाटलं मी घाबरलेय. बरोबर वाटलं तिला. माझी आई आहे ती.

नाव पुकारलं.

आईनं माझा हात धरलाय. उजवा. घट्ट धरलाय, कुरवाळतेय, म्हणतेय मी आहे ना बाई इथं. तो तिचा हात दाबतोय. तिला वाटतंय मी — आई, तो नको, इकडचा धर, इकडं मी आहे, डाव्या हातात, आई इकड